एटीएक्सचा रिव्ह्यू, तीस वर्षांनी: भोकं राहू द्या, वायरी बदला

आज कुठल्या एका कॅबिनेटचा किंवा मदरबोर्डचा रिव्ह्यू नाहीये. आज रिव्ह्यू आहे हे सगळं ज्याच्या जिवावर एकमेकांत बसतं त्या एटीएक्सचा, म्हणजे पीसीच्या भागांची मापं ठरवून देणाऱ्या नियमांचा. हसू नका. असेंबल्ड पीसी घेताना प्रोसेसर कुठला आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर आपण आठवडाभर सगळ्यांचं डोकं खातो, पण कॅबिनेट, बोर्ड आणि एसएमपीएस (भिंतीतल्या विजेचे पीसीला लागणारे छोटे व्होल्ट करून देणारा डबा) हे तिघं तीन वेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांत बसणारच हे मात्र धरूनच चालतो, आणि ते बसतात ते इंटेलने १९९५ साली हे सगळं एकदा कागदावर ठरवून टाकलं म्हणून. बोर्ड १२ बाय ९.६ इंच, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, स्लॉट इथून सुरू, मागच्या पोर्टांचा चौकोन एवढा, एसएमपीएसचा डबा एवढा आणि त्याच्या वायरीचं टोक असं. तीस वर्षं झाली, मधे डागडुजी बरीच झाली पण मूळ आराखडा तोच.

घरातले, सोसायटीतले, भाच्या-पुतण्यांचे असे बरेच पीसी जोडून झालेत (दिवाळीच्या सुट्टीत एक तरी असतोच, बोनस झाला की फोन येतो), तेव्हा पुस्तकी नाही, हाताला जे कळलंय तेच लिहितोय. मार्क आधीच देऊन टाकतो म्हणजे घाईत असाल तर पुढे नाही वाचलं तरी चालेल: भोकांना पाचपैकी पाच, वायरींना पाचपैकी दीड, आणि ग्राफिक्स कार्ड लटकवायच्या पद्धतीला निगेटिव्ह मार्किंग.

एटीएक्सच्या आधी एटी होतं, आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीवरून आलेलं, आणि ज्यांनी ते हाताळलंय त्यांनाच एटीएक्सची खरी किंमत. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत चक्क २३० व्होल्ट यायचे, म्हणजे कव्हर उघडून चालू पीसीत बोट कुठे घालतोय ते बघूनच घालायचं. विंडोज ९५ शटडाऊन केलं की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही असं स्क्रीनवर यायचं आणि मग आपण उठून खटका दाबायचा. बोर्डाला पॉवरचे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, दिसायला सारखेच, अदलाबदल झाली की बोर्ड गेला; काळ्याशेजारी काळी वायर आली पाहिजे हे प्रत्येक असेंबलरला तोंडपाठ. कीबोर्ड सोडला तर बाकीचे पोर्ट बोर्डावर नसायचेच, चपट्या केबलने मागे आणून पट्टीवर स्क्रूने बसवायचे. एटीएक्सने हे सगळं एका फटक्यात निस्तरलं. पोर्ट बोर्डालाच, पॉवरचा कनेक्टर एकच आणि उलटा जाणारच नाही असा, आणि पुढचं बटण म्हणजे नुसती सूचना, बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस जागा होतो. एसएमपीएस जिवंत आहे का मेला हे बघायला रिपेअरवाले आजही हिरव्या आणि काळ्यात तार खुपसतात ते त्याच्यामुळेच.

आणि भोकं. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांकडे पेंटियम फोरच्या काळातलं, पिवळट पडलेलं लोखंडी कॅबिनेट आहे, पत्रा असा जाड की आजच्या काचेच्या कॅबिनेटांनी लाजावं. "अरे डबा मजबूत आहे, आतलं तेवढं बदलून दे," म्हणाले. मला वाटलं कुठेतरी अडेल. नाही अडलं! आत एएमडीच्या आजच्या एएम५ प्रोसेसरांचा मायक्रो-एटीएक्स (एटीएक्सचा छोटा भाऊ) बोर्ड ठेवला, बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे जुने पितळी स्टँडऑफ जिथे होते तिथेच भोकं येऊन बसली, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. मायक्रो-एटीएक्स १९९७ चं, २४४ बाय २४४ मिलिमीटर, आणि व्हीआयए या कंपनीने २००१ मध्ये काढलेलं मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०, पण दोघांनीही भोकं एटीएक्सच्याच मापावर ठेवली, म्हणून मोठ्या डब्यात छोटा बोर्ड बिनबोभाट बसतो. पंचवीसेक वर्षांचं अंतर असलेल्या दोन वस्तू न ठोकता, न घासता एकमेकांत बसतात असं आपल्या घरात दुसरं काय आहे सांगा बरं. एसएमपीएस मात्र नवा घ्यावा लागला, जुन्याचा कनेक्टर २० पिनांचा, २००३ पासून तो २४ चा झाला, शिवाय त्या जुन्यातले कपॅसिटर फुगून वर आले होते. काकांना तेवढा खर्च मान्य झाला.

इथपर्यंत कौतुक. आता वायरींकडे येऊ.

बोर्डाला जाणारा तो २४ पिनांचा जाडजूड कनेक्टर हातात घ्या, जुन्या पद्धतीच्या रंगीत वायरींचा असला तर बरं, आणि मोजा. नारिंगी चार, म्हणजे ३.३ व्होल्ट. लाल पाच, म्हणजे ५ व्होल्ट. काळ्या आठ, ग्राउंड. आणि पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्ट, ज्याच्यावर आज अख्खा पीसी चालतो त्या किती? दोन. फक्त दोन! उरलेल्यात एक जांभळी स्टँडबायची, एक राखाडी, पॉवर ठीकठाक आहे असं बोर्डाला कळवणारी, एक ती हिरवी, एक निळी म्हणजे उणे १२ व्होल्ट, जे मुख्यतः जुन्या सिरियल पोर्टच्या कामाचे, आणि एक भोक चक्क रिकामं. तिथे पूर्वी उणे ५ व्होल्ट असायचे. ते गेले, त्यांची रिकामी जागा आपण अजून दर बोर्डावर छापतोय.

१९९५ मध्ये हे बरोबरच होतं, तेव्हाच्या चिपा ५ आणि ३.३ वर चालायच्या. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्ट घेतात आणि स्वतःच्या व्हीआरएमने (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने) एक व्होल्टच्या आसपास खाली आणतात. त्यामुळे झालंय असं की सगळ्यात जाड केबल सगळ्यात कमी काम करते, आणि खरं काम करणाऱ्या केबली नंतर ठिगळं लावल्यासारख्या आल्या: प्रोसेसरसाठी २००० साली ४ पिनांची, मग ८ ची, महागड्या बोर्डांवर तर ८ च्या दोन दोन, ग्राफिक्स कार्डासाठी ६ ची, मग ८ ची, मग १६ ची. आणि तो २४ चा कनेक्टर बसवताना बोर्ड खालून असा वाकतो ना, की काळजात धस्स होतं, काढताना तर एका हाताने बोर्ड धरून दुसऱ्याने चाप दाबून हलवत हलवत ओढायचं आणि बोटांची सालटं काढून घ्यायची.

जाता जाता, आपल्याकडे अजूनही कॅबिनेट विथ एसएमपीएस असं विकतात, दुकानदार फ्री आहे म्हणून सांगतो, डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या छापील आकड्याकडे बघू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. १६ अँपिअर असेल तर झाले १९२ वॅट, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले, जे तुमच्या पीसीला लागतच नाहीत. म्हणजे जुन्या पद्धतीचे हे जास्तीचे व्होल्टेज निव्वळ अडचणच नाहीत, आकडे फुगवायलाही ते कामाला येतात.

यावर उपाय नाही असं नाही, उपाय इंटेलनेच काढला, २०१९ मध्ये, एटीएक्स१२व्हीओ. एसएमपीएसने फक्त १२ व्होल्ट द्यायचे, २४ च्या जागी १० पिना, आणि कुणाला ५ किंवा ३.३ लागलेच तर बोर्डाने ते आपले आपण करून घ्यायचे. यामागे मोठं कारण होतं पीसी नुसता बसून असताना वाया जाणारी वीज, कॅलिफोर्नियाने त्यावर नियम कडक केले होते, आणि पाच प्रकारचे व्होल्टेज बनवत बसणारा एसएमपीएस कमी लोडवर नेमका तिथेच मार खातो. मोठे ब्रँड तर ऑफिसच्या रेडीमेड डेस्कटॉपात आधीपासून आपापल्या परीने असंच काहीतरी वापरत होते. पण सुटं विकत घेऊन जोडणाऱ्यांच्या बाजारात? इंटेलच्या झेड४९०, झेड५९० चिपसेटच्या बोर्डांच्या पिढीत एएसरॉक आणि एमएसआयने एखाद-दुसरा बोर्ड काढून बघितला आणि मग थंडच. कारण सरळ आहे. एसएमपीएसवाल्याचा खर्च कमी होतो आणि बोर्डवाल्याचा वाढतो, हार्ड डिस्कची पॉवरसुद्धा बोर्डातून द्यायची, आणि गिऱ्हाईक म्हणतो माझा जुना एसएमपीएस चांगला चालतोय, नवा का घेऊ. बरं, तो गिऱ्हाईक चूक नाही. मीसुद्धा काकांना डबा ठेवा म्हटलंच की! पण मला विचाराल तर एकच गोष्ट बदलायची मुभा मिळाली तर मी हीच बदलेन, आणि १० पिना ते २४ पिना असा जोड देऊन चार-पाच वर्षं दोन्ही चालू ठेवेन, जसं २० वरून २४ वर जाताना ते चार पिनांचं सुटं होणारं तुकडं दिलं होतं तसं.

आता निगेटिव्ह मार्किंग. पूर्वी डेस्कटॉप म्हणजे खरोखर आडवा डबा, त्यावर मॉनिटर, आणि कार्ड आत उभं, वजन सरळ स्लॉटवर खाली. टॉवर आले आणि तेच कार्ड आडवं होऊन लटकायला लागलं. तेव्हा चालून गेलं कारण पीसीआय स्लॉटची मर्यादाच २५ वॅट, कार्डावर असला तर एखादा छोटा पंखा. आज आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची एनव्हिडियाची स्वतःची आवृत्ती दोन किलोच्या वर, ४५० वॅट. ५०९० तर ५७५ वॅट. हे सगळं मागच्या पत्र्याच्या दोन-तीन स्क्रूवर आणि प्लॅस्टिकच्या स्लॉटवर, म्हणजे खुंटीला गॅस सिलिंडर अडकवण्यातला प्रकार. मग लोक खाली टेकू लावतात, कुणी शाईच्या बाटलीचा, कुणी मुलांच्या ठोकळ्यांचा, आणि आता तर कार्डाच्या बॉक्समध्येच टेकू येतो. डोकं कशाने फिरतं सांगू? जुन्या कॅबिनेटात पुढच्या बाजूला खाचा असलेली प्लॅस्टिकची पट्टी असायची, ३१२ मिलिमीटर लांबीचं फुल साइज कार्ड मागे स्क्रूने आणि पुढे त्या खाचेत असं दोन्हीकडून धरलेलं असायचं. म्हणजे उत्तर आपल्याकडे होतं, ते काढून टाकलं आणि पंचवीस वर्षांनी टेकू विकायला आणला. कार्डाची लांबी, उंची, जाडी आणि पुढचा आधार कुठे याचं एक माप ठरवा ना, कॅबिनेटवाले दुसऱ्या दिवशी पट्टी देतील. पण प्रत्येक कार्ड कंपनीला आपलं धूड वेगळं दाखवायचंय.

त्याच कार्डाच्या वायरीची गोष्ट तर सगळ्यांनी वाचलीच असेल. जुन्या ८ पिनांच्या कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा, तीन पिवळ्या पिना, म्हणजे एका पिनेला चार अँपिअरच्या थोडं वर. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या नव्या नियमांबरोबर आलेल्या १६ पिनांच्या कनेक्टरला ६०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, आणि पिवळ्या पिना सहा, शिवाय त्या आधीपेक्षा बारीक. एका पिनेला आठच्या वर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४०९० चे वितळलेले कनेक्टर दिसायला लागले. पुढच्या वर्षी कनेक्टर सुधारला, त्यातल्या चार छोट्या सेन्सच्या, म्हणजे जोडणी तपासणाऱ्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पूर्ण आत गेला नसेल तर कार्ड लोडच घेणार नाही. चांगलं केलं. पण ५० अँपिअर तसेच राहिले. शाळेतलं गणित आहे, व्होल्ट चौपट केले की अँपिअर पाव होतात, ४८ व्होल्टवर तेच ६०० वॅट साडेबारा अँपिअरमध्ये जातात. डेटा सेंटरवाले ४८ व्होल्टवर कधीच गेले, अहो लॅपटॉप चार्जिंगच्या यूएसबी-सीमध्येसुद्धा आता २४० वॅटला ४८ व्होल्ट आहेत. फक्त आपला डेस्कटॉप १२ ला चिकटून.

छोट्या छोट्या छळांबद्दल बोलतो, कारण पीसी जोडताना वेळ तिथेच जातो. कॅबिनेटच्या पुढून येणाऱ्या वायरी: पॉवर स्विच, रिसेट, हार्ड डिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा, प्रत्येकाचं दोन पिनांचं वेगळं इवलंसं टोक, दिव्यांना प्लस-मायनस, आणि हे सगळं लावायचं कुठे तर बोर्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून, आणि चौथं लावताना पहिलं निघतं. पिनांची मांडणी बहुतेक बोर्डांवर इंटेलचीच असते, म्हणजे एकच ठोकळा देता आला असता, काही कॅबिनेटवाले देतातही, पण मधेच एखाद्या कॅबिनेटात पॉवरच्या दिव्याचं टोक तीन पिनांच्या रुंदीचं निघतं आणि मग बसा स्टॅपलरच्या पिनेने त्यातली पिन उचकटत. यूएसबी ३ चा १९ पिनांचा तो निळा कनेक्टर जरा तिरका गेला की पिन वाकली. स्क्रू दोन जातींचे, जाड आट्यांचा ६-३२ आणि बारीक आट्यांचा एम३, एकाच पुडीत मिसळलेले, चुकीचा घातला तर दोन फेरे जातो आणि मग अडकतो, जोर केला की आटे गेले. आणि मागच्या पोर्टांची ती पत्र्याची शील्ड, तिच्या धारेने बोट कापलं नाही असा असेंबलर मला दाखवाच. आता मधल्या किमतीच्या बोर्डांवरसुद्धा शील्ड जोडूनच येते, देव भलं करो.

पण या सगळ्यात खरा गुन्हा वेगळाच आहे आणि तो दिसत नाही. मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबलींचं बोर्डाकडचं टोक ठरलेलं आहे, एसएमपीएसकडचं टोक मात्र कुणी ठरवलेलंच नाही. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा वेगळा, आणि प्लग मात्र घातला की बसतो! ओळखीतल्या एका पोराने एसएमपीएस बदलला, आतल्या केबली नीट बांधलेल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या, नवा एसएमपीएस जोडला, चालू केलं आणि दोन हार्ड डिस्क जागच्या जागी गेल्या, ५ च्या जागी १२ व्होल्ट. त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. यात पोराचा काय दोष हो? जे बसतं ते चालायला पाहिजे, एटीएक्सने आपल्याला तीस वर्षं हीच तर सवय लावलीये. यासाठी नवीन शोध नकोय, फक्त सगळ्यांनी एक क्रम ठरवायचाय.

मोडून नवीन करायचा प्रयत्न झाला नव्हता का? झाला, आणि तोही इंटेलचाच. पेंटियम फोरचा प्रेसकॉट हा प्रकार तापायला लागला तेव्हा त्यांनी एटीएक्सच्या जागी बीटीएक्स काढलं, २००४ च्या सुमारास बाजारात आलं. प्रोसेसर पुढे, त्याच्यावर मोठा पंखा आणि बोगदा, हवा सरळ रेषेत पुढून मागे, आणि ग्राफिक्स कार्डाची पंख्याची बाजू वर. कागदावर एटीएक्सपेक्षा सरस, डेलने वापरलं, गेटवेने वापरलं. पण भोकं वेगळी, बोर्ड उलट्या बाजूला, म्हणजे तुमचं जुनं कॅबिनेट बाद, जुना बोर्ड बाद. तेवढ्यात इंटेलचाच नवा प्रोसेसर कोअर टू आला, तापणं कमी झालं, बीटीएक्सची गरजच उरली नाही आणि २००६ मध्ये इंटेलने गाशा गुंडाळला. एएमडीने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच घेतला होता, त्यामुळे रॅम प्रोसेसरला खेटून पाहिजे, त्यांना ती मांडणी तशीही सोयीची नव्हती. म्हणूनच म्हणतो, भोकांना हात लावू नका. लोक सगळं सहन करतात, डबा फुकट गेलेला सहन करत नाहीत.

आता नवीन टूम, मागून वायरी. असूसचं बीटीएफ, एमएसआयचं प्रोजेक्ट झिरो, गिगाबाइटचं प्रोजेक्ट स्टेल्थ. पॉवर, साटा (हार्ड डिस्कचे), फ्रंट पॅनेल, पंखे सगळे कनेक्टर बोर्डाच्या पाठीला, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला तिथे खिडक्या कापलेल्या. भाच्याचा असा एक जोडला. पुढून काच लावल्यावर आत एक वायर दिसत नाही, पोरगा खूश, आणि खरं सांगायचं तर मलाही जोडताना बरं वाटलं, कॅबिनेट पालथं करून सगळ्या वायरी उजेडात, समोरासमोर लावता येतात, तो टॉर्चवाला प्रकार गेला. तरीपण मागे बघितलं तर तोच २४ पिनांचा कनेक्टर, तीच गर्दी. नजरेआड केलं, कमी काही केलं नाही. शिवाय खिडक्या असलेलंच कॅबिनेट लागतं. त्यातल्या त्यात मला असूसचा एक भाग फार आवडला, स्लॉटच्या रांगेत पॉवरचा वेगळा सोनेरी स्लॉट, ६०० वॅटपर्यंत, कार्ड खाली दाबलं की पॉवरसकट बसलं, केबलच नाही. सुरुवातीला त्यासाठी खास कार्ड लागायचं, नंतर कार्डावरचा तो तुकडा काढता-घालता येणारा केला म्हणजे ते कार्ड साध्या बोर्डातही चालेल. ॲपलने २०१९ च्या मॅक प्रोमध्ये एमपीएक्स म्हणून हेच केलं होतं, आणि ते बघून तेव्हाच वाटलं होतं की आपल्याकडे हे का नाही.

उलट्या टोकाला छोटे डबे. फ्रेमवर्कचा २०२५ चा डेस्कटॉप साडेचार लिटरचा, बोर्ड मात्र मिनी-आयटीएक्स आणि एसएमपीएस फ्लेक्स एटीएक्स या छोट्या ठरलेल्या मापाचा, म्हणजे उद्या बोर्ड काढून दुसऱ्या डब्यात टाकता येतो. रॅम सोल्डर केलेली, त्याला तांत्रिक कारण आहे, पण रॅम काढून खोडरबरने घासून परत लावायची सोय गेली की आपल्याकडच्या निम्म्या रिपेअरवाल्यांचं कसं व्हायचं.

आत्ता घ्यायचं असेल तर माझ्यापुरतं हे असं: साध्या घरगुती वापराला मायक्रो-एटीएक्स, मोठा एटीएक्स बोर्ड फुकटचा, ते जास्तीचे स्लॉट कोणी भरत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं, धुता येणारा फिल्टर असलेलं; चंद्रपूर-अकोल्याकडच्यांनी तर काचेच्या पुढच्या बाजूचा विचारही करू नये, मे महिन्यात आत भट्टी होते. जमलं तर मागच्या खिडक्या असलेलं बघा, त्यात साधा बोर्डही बसतो आणि पुढचा रस्ता मोकळा राहतो. मोठं कार्ड घेणार असाल तर एसएमपीएस एटीएक्स ३.१ लिहिलेला घ्या आणि तो १६ पिनांचा प्लग चाप बसेपर्यंत आत जातोय ना ते डोळ्याने बघा. आणि मॉड्युलर एसएमपीएसच्या उरलेल्या केबली एका पिशवीत घालून त्यावर मार्करने मॉडेलचं नाव लिहा, दुसऱ्या कुठल्याही एसएमपीएसला त्या लावू नका, भाच्याला पण सांगून ठेवा.